वरुणाची देखरेख
तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुण आपल्या मुलाला, भृगूला, ब्रह्माची खूण सांगतो, पण शोध त्यानेच घ्यावा म्हणून तपाला धाडतो. भृगू आधी अन्न हे उत्तर आणतो. वरुण ते खोडत नाही. पुन्हा तपाला पाठवतो. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद.

आहारशास्त्राच्या प्रशिक्षणार्थीवर देखरेख करणाऱ्यापुढे तोच प्रश्न असतो: किती सांगायचे? मधुमेही आजी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारच म्हणतात. प्रशिक्षणार्थी कर्बोदके मोजते. तिला आजींकडे परत पाठवून व्रताविषयी विचारायला लावणे, ही वरुणाची रीत. मात्र वरुणाला सवड होती. इन्सुलिनवरच्या रुग्णाची साखर उतरू लागली, तर मार्गदर्शकाला मध्ये पडावेच लागते. भृगूच्या अपुऱ्या उत्तराने कोणाला घेरी येत नव्हती.