सुखाच्या महिन्यांतलं रक्त

चौथा महिना लागला की बहुतेकींची मळमळ ओसरते, अन्नावर वासना येते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. इथून सातव्यापर्यंत काळजीचं कारण नाही, असं मानलं जातं. मला हे मानणं धोक्याचं वाटतं. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं, बाळ जेमतेम ३०० ग्रॅमचं असतं. सोनोग्राफीत त्याचं हृदय, मणका, मूत्रपिंडं निरखून पाहिली जातात, पहिलटकरणीला पोटात फडफड जाणवू लागते. सगळ्यांचं लक्ष तिकडे जाणं साहजिक आहे. पण याच आठवड्यांत आईचं रक्त झपाट्याने वाढत असतं. दिवस भरत येईपर्यंत ते जवळपास दीडपट होतं. संपूर्ण गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळ आणि वार घेतात, तर ५०० च्या आसपास आईच्याच वाढीव तांबड्या पेशींना लागतं. पोटातल्या जिवासाठी खा, असं तिला सगळे सांगतात. तिच्या स्वतःच्या रक्तासाठी खा, असं क्वचितच कोणी सांगतं.

रक्तातला पाण्याचा अंश पेशींपेक्षा वेगाने वाढतो, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरणारच, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मधल्या तिमाहीची मर्यादा ११ वरून १०.५ वर आणली. पण मर्यादा उतरवली म्हणून तिच्याखालचं सगळंच नैसर्गिक ठरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. ती मोजणी ११ च्या मर्यादेने झाली, त्यामुळे काहीजणी त्यातून वगळाव्या लागतील. तरी उरणाऱ्या थोड्या नाहीत. आमच्या आज्या गोळ्यांशिवाय बाळंत झाल्या, असंही ऐकू येतं. ज्या बाळंतपणात गेल्या, त्यांची साक्ष या युक्तिवादात कधीच नोंदवली जात नाही.

सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लाल गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोहाची. घोडं पुढे अडतं. गोळीने शौचाला काळं होतं, बद्धकोष्ठ होतो, बाई घाबरते आणि पाकीट फडताळात पडून राहतं. किंवा ती नेमाने घेते, पण सकाळच्या चहासोबत. मग चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. हे आधी सांगायला दोन मिनिटं लागतात. लिंबूपाण्याबरोबर घ्या, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, काळ्या रंगाला भिऊ नका. दम लागला, थकवा आला तर ‘दिवसच आहेत’ म्हणून सोडू नये, हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं. महिनाभर गोळ्या घेऊनही ते एक ग्रॅमने चढलं नाही, तर कारण शोधावं लागतं, प्रसंगी शिरेतून लोह द्यावं लागतं. पाचव्या महिन्यात हे कळलं तर उपायाला चार महिने हातात असतात. नवव्यात कळलं तर बाळंतपणातला रक्तस्राव सोसायला अंगात पुरेसं रक्त जमण्याइतका वेळच उरत नाही.