कॉलेज कधी सुरू होणार?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका महाविद्यालयाच्या सल्लागार समितीची बैठक होती. तेथील धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू या नात्याने त्या समितीवर माझी नेमणूक आहे. पूर, वादळ, आग, साथीचा रोग, कोणतीही आपत्ती आली तरी महाविद्यालयाचे कामकाज अखंड चालू राहावे यासाठी केलेला एक आराखडा मंजुरीसाठी आमच्यापुढे ठेवण्यात आला. आराखडा परिश्रमपूर्वक केलेला होता. विद्यार्थ्यांच्या नोंदींची दुसरी प्रत गावाबाहेर सुरक्षित ठेवावी. जनरेटरचे डिझेल किती दिवस पुरेल याचा हिशेब असावा. प्राचार्य हजर नसतील तर निर्णय कोणी घ्यावा आणि तेही नसतील तर कोणी, याचा क्रम ठरलेला असावा. वर्ग भरवता आले नाहीत तर तासिका ऑनलाइन घ्याव्यात. परीक्षा शक्यतो वेळापत्रकाप्रमाणेच व्हाव्यात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड पाहता ही तयारी कौतुकास्पदच म्हणावी लागेल. सर्वांनी सह्या केल्या. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी पेन उघडले, आणि सही करायचे थांबलो. मला २०२० सालचा एक मुलगा आठवला.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाविद्यालये बंद झाली हे सर्वांच्या स्मरणात आहे. पुढे ऑगस्टमध्ये आमच्या समितीच्या आग्रहावरून त्या महाविद्यालयाने ऑनलाइन तासिका सुरू केल्या. आग्रह धरणाऱ्यांत मी पुढे होतो. आपल्या संस्थेचा एकही दिवस बुडता कामा नये, असे मी बैठकीत ठासून सांगितले होते, आणि तसा तो बुडाला नाही याचा मला अभिमानही होता. सप्टेंबरमध्ये धर्मग्रामातर्फे आम्ही गरजू कुटुंबांना धान्य देत होतो. पूर्वेकडच्या एका पाड्यावरून एक वारली मुलगा आपल्या घरचा तांदूळ न्यायला आला होता. मी त्याला ओळखत होतो. तो त्याच महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील वीटभट्टीवर काम करीत आणि भट्टी बंद होती. गोणी खांद्यावर घेता घेता त्याने विचारले, “फादर, कॉलेज कधी सुरू होणार?”

मी हसून म्हणालो, “अरे, कॉलेज तर ऑगस्टपासून सुरूच आहे. एकही दिवस बुडालेला नाही.”

तो काही बोलला नाही. थोडा वेळ माझ्याकडे पाहत उभा राहिला आणि गोणी घेऊन निघून गेला. त्याच्या घरी साधा फोन होता आणि त्यातले पैसे संपले होते. तासिकांची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. तो नंतर महाविद्यालयात परतला नाही. आमच्या वार्षिक अहवालात मात्र ते वर्ष अखंड अध्यापनाचे वर्ष म्हणून नोंदले गेले, आणि त्या अहवालावर माझी सही आहे.

आपत्काळात महाविद्यालय चालू ठेवायचे, म्हणजे नेमके काय चालू ठेवायचे, हा प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो; पण मुळात तो नीतीचा आहे. कारण साधने तुटपुंजी असताना ती प्रथम कोणाकडे जातील आणि कोणाला थांबावे लागेल, हे असा आराखडा आगाऊ ठरवून टाकतो. आपण ते उघडपणे ठरवले नाही तर ते आपोआप ठरते, आणि आपोआप ठरणाऱ्या क्रमात दुबळ्याचा क्रमांक नेहमी शेवटचा लागतो.

याचा अर्थ वेळापत्रक आणि परीक्षा या क्षुल्लक गोष्टी आहेत असा कोणी घेऊ नये. त्याच २०२० साली अंतिम वर्षाच्या परीक्षांवरून देशभर वाद झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलैमध्ये सांगितले की सप्टेंबरअखेर परीक्षा झाल्याच पाहिजेत. महाराष्ट्र शासनाचे म्हणणे होते की साथीच्या ऐन भरात परीक्षा घेणे धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट रोजी निकाल दिला: आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्यांना परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, परंतु परीक्षा न घेताच अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण ठरवता येणार नाही. मला या निकालात दोन्ही बाजूंचे सत्य दिसते. जीव प्रथम, म्हणून थांबण्याची मुभा हवी. पण पदवीची किंमतही राखली पाहिजे, कारण ज्याच्यामागे घराणे नाही, ओळख नाही, जमीन नाही, त्याच्या हातातले ते एकमेव नाणे असते. ते खोटे ठरले तर श्रीमंताच्या मुलाचे फारसे बिघडत नाही. पाड्यावरच्या मुलाचे मात्र सर्वस्व जाते.

मग संस्था कशी चालू ठेवावी? या बाबतीत अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा अनुभव मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली, त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, २९ ऑगस्टला, कॅटरिना चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. बंधारे फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. नवे शैक्षणिक वर्ष नुकतेच सुरू होत होते. झेविअर विद्यापीठ हे तेथील कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेले कॅथलिक विद्यापीठ. संत कॅथरीन ड्रेक्सेल यांनी १९१५ साली शाळा म्हणून त्याची सुरुवात केली आणि १९२५ साली तेथे महाविद्यालय उभे राहिले. त्याचे आवार पाण्यात बुडाले. अध्यक्ष नॉर्मन फ्रान्सिस यांनी जानेवारीत वर्ग भरतील असे जाहीर केले, आणि १७ जानेवारी २००६ रोजी ते भरले. बुडालेले सत्र भरून काढण्यासाठी जानेवारी ते ऑगस्ट या काळात दोन सत्रे घेण्यात आली आणि पदवीदान समारंभ त्याच ऑगस्टमध्ये झाला. सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थी परतले होते. शहरातील लोयोला हे येशूसंघीयांचे विद्यापीठ. त्याच्या विद्यार्थ्यांना देशभरातल्या येशूसंघीय विद्यापीठांनी त्या एका सत्रापुरते आपल्या वर्गांत सामावून घेतले. म्हणजे इमारत बंद होती, तरी अनेकांचे शिक्षण चालू राहिले.

या कथेला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. संस्था वाचवण्यासाठी शहरातल्या विद्यापीठांनी अनेक प्राध्यापकांना व कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले, काही विभाग कायमचे बंद केले. पैसा नव्हता हे खरे. पण कोणाला कमी करायचे हे ठरवताना नियम व सल्लामसलत बाजूला सारली गेली, असे अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या चौकशीत आढळले, आणि २००७ साली तिने तेथील अनेक संस्थांविरुद्ध निषेधाचे ठराव केले. ज्यांची घरे वाहून गेली होती त्यांच्या नोकऱ्याही गेल्या. म्हणजे संस्था वाचली, पण ती कोणाच्या खांद्यावरून पैलतीरी गेली, हा प्रश्न उरलाच.

याहून कठीण प्रसंग पोलंडच्या क्राकूव शहरावर आला होता. ६ नोव्हेंबर १९३९ रोजी नाझी अधिकाऱ्यांनी तेथील यागिएलोनियन विद्यापीठाच्या प्राध्यापकांना एका व्याख्यानासाठी म्हणून बोलावले आणि १८० हून अधिक जणांना अटक करून नेले. त्यांतले बहुतेक छळछावणीत पाठवले गेले, काही वृद्ध प्राध्यापक परत आले नाहीत. विद्यापीठाला टाळे लागले. तरीही पुढच्या काळात खासगी घरांतून चार-चार, पाच-पाच विद्यार्थ्यांचे वर्ग गुप्तपणे भरू लागले आणि सुमारे ८०० विद्यार्थी त्यांत शिकले. दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात मजुरी करणारा एक तरुण १९४२ साली अशाच गुप्त अभ्यासक्रमात धर्मशिक्षण घेऊ लागला. पुढे तो पोप दुसरे जॉन पॉल या नावाने जगाला परिचित झाला. त्या विद्यापीठाजवळ इमारत, शिक्का, वेळापत्रक, घंटा यांपैकी काहीही उरले नव्हते. शिकवणारा शिकणाऱ्याच्या दारापर्यंत जात होता, एवढ्यावर ते विद्यापीठ चालले. आम्ही मात्र २०२० साली सर्व काही शाबूत असताना एका पाड्यापर्यंत गेलो नाही.

येथे कोणी विचारील की, मग काय वाटेल ते करून चालूच ठेवायचे? शिपाई, रेक्टर, प्राध्यापक यांना पुरात उभे करायचे? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मला संत ऑगस्टीन यांच्या एका पत्राचा आधार वाटतो. सेमिनरीत ते आम्ही वाचले होते, पण त्याचे मर्म कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. पाचव्या शतकात व्हँडल टोळ्या उत्तर आफ्रिकेत घुसल्या तेव्हा होनोरातस नावाच्या एका बिशपांनी त्यांना विचारले की, धर्मसेवकांनी अशा वेळी आपले ठिकाण सोडावे की नाही? ऑगस्टीन सरसकट उत्तर देत नाहीत. एखाद्याच्याच जिवावर शत्रू उठला असेल आणि त्याची सेवा करायला दुसरे कोणी मागे राहत असतील, तर त्याने खुशाल जावे. सगळेच लोक निघून जात असतील, तर सेवकानेही जावे. परंतु ज्यांना जाणे शक्य नाही असे लोक मागे राहत असतील, तर ज्यांच्या सेवेची त्यांना गरज आहे त्यांनी त्यांना टाकून जाऊ नये. आणि भविष्यासाठी काहींनी वाचलेच पाहिजे, पण कोणी राहावे यावर एकमत होत नसेल, तर चिठ्ठ्या टाकाव्यात. स्वतः ऑगस्टीन वेढा पडलेल्या हिप्पो नगरातच राहिले आणि २८ ऑगस्ट ४३० रोजी तेथेच निवर्तले.

चिठ्ठ्या टाकण्याची ही सूचना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण तिच्यामागे न्यायाची केवढी सूक्ष्म जाणीव आहे! जो अधिक मोलाचा तो सुरक्षित राहील आणि कमी मोलाचा धोक्यात राहील, असे माणसाने माणसाबद्दल ठरवू नये, हे त्या सूचनेचे तात्पर्य मला वाटते. आपल्या संस्थांत आजवर काय घडते? पाणी चढू लागले की प्राचार्य घरी जातात आणि पहारेकऱ्याने थांबावे असे न सांगताच ठरलेले असते. तासिका बंद झाल्या की कायम प्राध्यापकाचा पगार चालू राहतो आणि तासिकांवर नेमलेल्याचे उत्पन्न त्या दिवसापासून थांबते. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. पण आगाऊ विचार न केल्यामुळे ते होते, आणि न केलेल्या विचाराचीही जबाबदारी असतेच.

शुभवर्तमानातल्या दहा कुमारिकांच्या दाखल्यात शहाण्या कुमारिका आपले तेल दुसऱ्यांना देत नाहीत. लहानपणी मला ते कठोर वाटे. आता वाटते की, ऐनवेळी तेल वाटून पुरत नाही हेच तेथे सांगितले आहे. ते आधीच भरून ठेवावे लागते. व्यक्तीने आपल्या दिव्यापुरते भरावे हे ठीक. पण संस्थेने भरताना ज्यांच्याजवळ बुधलीही नाही त्यांच्या वाट्याचे आधी मोजले पाहिजे.

त्या बैठकीत मी सही केली नाही. आराखडा एका आठवड्यासाठी मागून घेतला आणि त्याला एक पान जोडले. दरवर्षी प्रवेशाच्या वेळीच कोणाकडे फोन नाही, कोणाच्या पाड्यावर वीज किंवा रेंज नाही, कोण पूररेषेत राहतो याची यादी करावी आणि आपत्तीत पहिला निरोप त्या यादीतल्यांना, गरज पडल्यास माणूस पाठवून, पोहोचवावा. ऑनलाइन तासिका सुरू झाल्या तर त्याच आठवड्यात छापील टिपणे शाळा, ग्रामपंचायत किंवा चर्चमार्फत तेथवर जावीत. वसतिगृहात घरी जाऊ न शकणारे जे उरतील त्यांचे जेवण आणि औषध याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी. मागे थांबण्याची पाळी पदानुसार न ठरता सर्वांवर आळीपाळीने यावी. तासिकांवरच्या प्राध्यापकांसाठी थोडा राखीव निधी असावा. शेजारच्या दोन महाविद्यालयांशी परस्परांचे विद्यार्थी सामावून घेण्याचा करार आत्ताच करावा. आणि केव्हा बंद करायचे हेही लिहून ठेवावे, कारण वेळीच बंद करण्याचे धैर्य हाही चालू ठेवण्याचाच भाग आहे. अहवालात किती दिवस तासिका झाल्या याच्या आधी किती विद्यार्थ्यांपर्यंत आपण पोहोचलो नाही, हा आकडा लिहावा, अशीही एक ओळ मी घातली.

त्या शेवटच्या ओळीवर बरीच चर्चा झाली. असा आकडा छापला तर संस्थेची नाचक्की होईल, असे एका सदस्यांचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे मला समजते. २०२० साली मीही तेच म्हटले असते. ओळ अखेर राहिली, पण ती पाळली जाईल की नाही हे पुढच्या संकटातच कळेल.

तो मुलगा आता एका कारखान्यात कामाला जातो. क्वचित रविवारी बाजारात भेटतो, आदराने ‘फादर’ म्हणून थांबतो, घरच्यांची खुशाली सांगतो. मी एकदा त्याला पुन्हा प्रवेश घेण्याविषयी विचारले. तो म्हणाला, “आता लहान भाऊ जाणार आहे, फादर.” धाकट्या भावाचे नाव मी लिहून घेतले आहे. यादीत ते सर्वांत वर आहे.