एकांतातले सुख आणि शिफारशीची जबाबदारी

माणूस एकटा पडला की लहान गोष्टींचा आधार शोधतो. कपभर चहा, एखादे जुने पुस्तक, खिडकीतून दिसणारे झाड. यात गैर काही नाही असे वरवर वाटते. पण बाहेर लोकांवर संकट कोसळलेले असताना आत बसून चहाची चव घेणे योग्य आहे काय? आणि ती चव दुसऱ्याला सांगणे, 'तुम्हीही घेऊन पाहा' म्हणणे, हे तरी योग्य आहे काय? हा प्रश्न आम्हाला ग्रंथ वाचून पडलेला नाही. एका पालकाने तो आमच्यापुढे ठेवला.

गोष्ट २०२० सालची. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आमचे शहर यंत्रमागाचे. रात्रंदिवस खडखडाट ऐकत झोपणाऱ्या माणसांना त्या शांततेत झोप येईना. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदीतील जमात बंद, तरावीह घरातच. आमच्या उर्दू शाळेच्या पालकांचा मोबाइलवर एक गट होता. मुलांचा अभ्यास पाठवता पाठवता आम्ही त्यावर धीराचे चार शब्दही लिहू लागलो. एके दिवशी मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या 'गुबार-ए-खातिर'विषयी लिहिले.

९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मौलानांना मुंबईत अटक झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीतील सहकाऱ्यांसह त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, भुईकोट किल्ल्यात ठेवण्यात आले. एप्रिल १९४५ पर्यंत ते तिथे होते. रात्र सरण्यापूर्वी उठून ते स्वतःच्या हाताने चहा करीत आणि मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. ती पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. पुढे १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. त्यात चिनी चहावर पानेच्या पाने आहेत. दूध घातलेल्या चहाला मौलाना चहा मानायलाच तयार नाहीत. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेली लढाई आणि मग जमलेली दोस्तीही त्यात आहे.

आम्ही उत्साहाने लिहिले की, दूध मिळत नसेल तर खंत करू नका. सहरीच्या वेळी बिनदुधाचा चहा करा, दोन घोट शांतपणे घ्या आणि एवढ्या मोठ्या माणसाने तुरुंगात मन कसे राखले ते आठवा.

संध्याकाळी एका पालकाचा फोन आला. ते मागावर काम करणारे. कारखाना बंद, आठवड्याचा पगार बंद. आवाजात राग नव्हता. म्हणाले, "सर, दूध नहीं तो चल जाएगा, मगर घर में पत्ती भी नहीं है."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना. वाटले, सुखाच्या या गोष्टी म्हणजे पोट भरलेल्यांची चैन आहे. मौलानांचा चहासुद्धा. त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा जी पाने आम्ही गटावर सांगितली नव्हती ती समोर आली. मौलाना कैदेत असताना त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी पडल्या. सरकारकडे काही विनंती करायची आहे काय, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने विचारले. मौलानांनी नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगमचे निधन झाले. शेवटची भेट झाली नाही. त्या काळातही मौलानांनी दिनक्रम मोडला नाही, जेवणाच्या मेजावर ते वेळेवर जात राहिले. पण ही शांतता बरीचशी वरवरची होती, हे ते स्वतःच कबूल करतात. किल्ल्याच्या आवारातील एक जुनी कबर त्यांच्या नजरेला पुन्हा पुन्हा खेचू लागली, हेही ते लिहितात.

म्हणजे चहाने त्यांचे दुःख बुजवले नाही. पण दुःख उभे राहायला जागा राहिली, ती त्या नेमाच्या दिवसामुळे. आम्हाला वाटते, गफलत आणि दिलासा यांत हाच फरक आहे. गफलत माणसाला दुःखापासून पळवते. दिलासा त्याला दुःखासमोर बसण्याचे बळ देतो.

दीनमध्येही या लहान सुखाला मनाई नाही. एतिकाफ म्हणजे स्वतः निवडलेला एकांत. हदीसमध्ये येते की, प्रेषित (स.) एतिकाफात असताना मशिदीतून डोके पुढे करीत आणि हजरत आयेशा (रजि.) आपल्या हुजऱ्यातून त्यांचे केस विंचरून देत. इबादतीच्या एकांतातही कंगव्याला जागा आहे. आणि तो कंगवा दुसऱ्याच्या हातात आहे, ही गोष्ट आम्ही आजवर नीट पाहिली नव्हती. एतिकाफात बसलेल्याचे जेवणही कुणीतरी घरून आणून देतो. कोणाचाही एकांत दुसऱ्याच्या हाताशिवाय चालत नाही.

मग चूक कुठे झाली? चहा पिण्यात नव्हे, शिफारशीत झाली. शिफारस हा शब्द आपण हल्ली फार स्वस्त केला आहे. सूरह निसाच्या ८५व्या आयतीचा आशय असा आहे की, भल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याला वाटा मिळतो आणि वाईट शिफारशीचा भारही त्याला उचलावा लागतो. दुसऱ्यासाठी शब्द टाकणे ही जबाबदारी आहे. मौलानांनी चहाचे वर्णन केले ते बरोबरीच्या मित्राला, आणि तेही कुणाला 'असे करा' असे न सांगता. आम्ही ते उचलून रिकाम्या डब्यासमोर ठेवले. ज्याला शिफारस करायची त्याच्या घरात काय आहे, हे आधी विचारायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सवलतीच्या वेळेत आम्ही पत्ती, साखर आणि थोडा किराणा घेऊन त्यांच्या दारी गेलो. हे सांगण्यात मोठेपणा नाही, तो आमचा उशीर होता. दार उघडे होते. एका खोलीत सहा माणसे. ते गृहस्थ मुलांना मागावर तुटलेला धागा जोडण्याची गाठ शिकवत बसले होते. घरातल्या उरलेल्या सुताचे तुकडे, आणि कुणाची गाठ आधी बसते याची पैज. धाकटी मुलगी जिंकली आणि सगळे हसले. त्यांनी कुणालाही काही सुचवले नव्हते. घरात जे होते त्यातून त्यांनी सुख काढले होते.

त्या ईदला, २५ मे रोजी, घरातच नमाज झाली. गटावर आम्ही मुबारकबाद लिहिली आणि खाली एवढेच विचारले, "तुमच्या घरात या दिवसांत मन कशाने रमले?" उत्तरे दोन दिवस येत राहिली. आम्ही काही सुचवले नाही, फक्त वाचत राहिलो.