डीपीवरचा धर्म

नवरात्र तोंडावर आले की तुळजापुरातून ज्योती निघतात. गावोगावची तरुण मंडळे भवानीच्या दारी मशाल पेटवतात आणि रात्रभर आळीपाळीने पळत ती आपल्या गावच्या देवीपर्यंत नेतात. एका ज्योतीवरून दुसरी पेटवली, दुसरीवरून शंभर पेटवल्या, तरी पहिलीचे काही घटत नाही. अग्नीचा हा गुण आपल्या धर्मविचाराला इतका भावला की ज्ञान, भक्ती, गुरुकृपा या सगळ्यांना आपण दिव्याची उपमा देत आलो. वीज गावात आली तेव्हा तिलाही न विचारता त्याच देव्हाऱ्यात बसवले. तिन्हीसांजेला बटण दाबून बल्बला हात जोडणारी माणसे आजही घरोघर आहेत. त्या नमस्काराशी माझे भांडण नाही. पण त्यामागे जी समजूत दडली आहे ती मात्र चुकीची आहे आणि ती महाग पडली आहे. वीज ज्योतीच्या कुळातली नाही. ती पाटाच्या पाण्याच्या कुळातली आहे. वरच्याने दारे जास्त फोडले की खालच्याचे वाफे कोरडे राहतात, तोच न्याय तिला लागू आहे. म्हणून विजेचे नीतिशास्त्र मांडायचे तर ते दिव्याच्या उपमेतून निघणार नाही. पाणीवाटपाच्या जुन्या शहाणपणातून निघेल.

धाराशिव जिल्ह्यात हे समजावून सांगायला पुस्तक लागत नाही, शिवारातली डीपी, म्हणजे विजेचे रोहित्र, पुरते. शंभर केव्हीएच्या रोहित्रावर पाच एचपीच्या साधारण अठरा मोटारी नीट चालतात. त्यात कुणी कागदावर पाच दाखवून साडेसातची मोटार बसवतो, कुणी कॅपॅसिटर लावत नाही, कुणी रात्री तारेवर आकडा टाकतो. दाब उतरतो. दाब उतरला की मोटार तेवढेच काम करायला जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापते आणि जळते. जळते ती बहुधा लाइनीच्या शेपटाला असलेल्याची. आकडा ज्याने टाकला त्याची मोटार डीपीजवळ असेल तर तिला काही होत नाही. थोड्या दिवसांनी डीपीच बसते. मग ज्यांची एकमेकांशी बांधावरून बोलाचाली बंद आहे तेही वर्गणी काढतात, ट्रॅक्टरची ट्रॉली जोडतात, रोहित्र उतरवून दुरुस्तीला नेतात. डीपी जळेपर्यंत अठरा जण अठरा ग्राहक असतात. जळाल्यावर पंधरवडाभर त्यांची एक संस्था होते. तिला अध्यक्ष नसतो, घटना नसते, इतिवृत्त नसते, पण हिशोब मात्र पैशापर्यंत होतो. डीपी चढली की संस्था बरखास्त.

आता प्रश्न असा की आकडा टाकणारा नेमका कुणाचा अपराधी? कायद्याचे उत्तर सरळ आहे. २००३च्या वीज कायद्याचे कलम १३५ त्याला चोर म्हणते आणि ज्याची चोरी झाली तो वीज पुरवणारा परवानाधारक. गावात हे उत्तर कुणाच्या मनाला लागत नाही, कारण कंपनी दूर आहे, मोठी आहे आणि तिच्यावर राग धरायला कारणेही बरीच आहेत. धर्मविचाराचे उत्तर मला इथे कायद्याहून अचूक वाटते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोराची जी व्याख्या आहे तिच्यात मालकाला भिंतीआड लपवलेले धन नाही. देण्याघेण्याच्या चक्रातून मिळालेले भोगायचे आणि त्या चक्रात परत काही घालायचे नाही, असे करणारा तो चोर. पंचशीलातले दुसरे शील तर मालकाचे नावही घेत नाही; जे दिलेले नाही ते घेऊ नये, एवढेच सांगते. पैगंबरांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या एका वचनाचा आशय असा की पाणी, चारा आणि विस्तव या तीन गोष्टींत सगळे भागीदार असतात. तीन परंपरा, आणि तिन्हींचा रोख एकच. सामाईक वस्तूला मालक नसतो म्हणून तिची चोरी होत नाही, असे नव्हे. तिथे चोरी होते ती भागीदाराची. आकडा टाकणारा शेपटाच्या शेतकऱ्याचा अपराधी आहे. कंपनीचा नंतर.

हाच विचार संस्थेच्या रूपात उभा करण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला. धाराशिवला तसे काही झाले नाही. तो झाला श्रीरामपूर, राहुरी, राहाता भागात, ज्या मुलखात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला होता. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले, अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या महासंघाचा सल्ला घेतला गेला आणि देशात पाच ठिकाणी नमुन्यादाखल वीज सहकारी संस्था काढायचे ठरले. मुळा-प्रवरा ही त्यांतली एक. वीज मंडळाकडून ठोक भावाने वीज घ्यायची, गावोगाव खांब-तारा-रोहित्रे उभी करायची, सभासदांना वाटायची. बिल देणारा आणि बिल भरणारा एकच. विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याला फसवायचे तर स्वतःलाच फसवावे लागेल, अशी ही रचना कागदावर फार देखणी दिसते. १९७१पासून चाळीस वर्षे ती चालली. तिने वाड्या-वस्त्यांपर्यंत तारा नेल्या, हे तिचे टीकाकारही नाकारत नाहीत. आणि तरी २०११च्या जानेवारीअखेर परवान्याची मुदत संपली तेव्हा वीज नियामक आयोगाने तो पुन्हा संस्थेला दिला नाही. काम महावितरणकडे गेले. तोवर ठोक विजेची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर पोचली होती.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो धाराशिवकरांच्या तोंडी जास्त शोभतो. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना सभासदांच्या मालकीचाच होता; तोही वर्षानुवर्षे बंद पडून राहिला आणि शेवटी भाड्याने द्यावा लागला. मग सहकाराचे गोडवे कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण तो जे सिद्ध करू पाहतो ते सिद्ध करत नाही. त्याच पाच नमुन्यांतली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आणि तेलंगणातल्या सिरसिल्लाची संस्था अजून वीज वाटतात. तेव्हा सहकारी वीज मुळातच अशक्य, हे खरे नाही. मुळा-प्रवराची बाजूही ऐकली पाहिजे: तिचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतीपंप, ज्यांच्या चढ्या दरावर शेतीची सवलत पेलावी असे उद्योग तिच्या हद्दीत तुरळक, आणि ठोक खरेदीचा दर ठरवणे तिच्या हाती नाही. हे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते आणि माझ्या दृष्टीने तीच कळीची आहे. हजारो सभासदांच्या संस्थेत मालकी ही कल्पना राहते, अनुभव राहत नाही. राहुरीच्या सभासदाने बिल थकवले तर राहात्याच्या सभासदाची मोटार जळत नाही. नुकसान ताळेबंदात जाते आणि ताळेबंदाला चेहरा नसतो. संस्था सहकारी असूनही सभासदाच्या मनात ती 'बोर्ड'च होते. म्हणजे भागीदारी भागभांडवलाने निर्माण होत नाही. ती आधीच तारेत असते. संस्थेने तिची कबुली द्यायची असते. आणि कबुली तिथेच टिकते जिथे माझ्या घेण्याने कुणाचे उणे झाले हे मला डोळ्यांनी दिसते.

खानदेशातल्या पांझरेकाठच्या फड पद्धतीने हे फार पूर्वी ओळखले होते. बंधाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनीच पाटकरी नेमायचा, पाण्याचा अंदाज घेऊन यंदा किती फड भिजवायचे हे पेरणीआधी ठरवायचे आणि मग पाळी मोडायची नाही. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणीपंचायत उभी केली तेव्हा ते आणखी पुढे गेले: पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला आणि भूमिहीनालाही त्यात धरले. डीपीवरच्या अठरा जणांना याहून अवघड काही करायचे नाही. कुणाची मोटार किती एचपीची, कुणी कोणत्या वेळी चालवायची, कॅपॅसिटर कुणाचा नाही, एवढेच उघड बोलायचे आहे. वीज कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण भागातले वाटप पंचायती, वापरकर्त्यांचे संघ, सहकारी संस्था यांच्याकडे सोपवण्याची वाट ठेवलेलीही आहे. वाट आहे, पाऊलखुणा फारशा नाहीत.

यावर सांगितले जाते की गावात भावकी असते, भीड असते. चुलत्याच्या आकड्याला पुतण्या हात लावणार नाही. भीड खरी आहे. पण धाराशिव जिल्ह्यातल्याच तेरला गोरोबाकाका कुंभारांची कथा सांगितली जाते ती कशाची आहे? संतांच्या मेळ्यात काकांनी थापटणे हाती घेतले आणि मडकी तपासावीत तशी एकेकाची डोकी तपासली. ज्याच्याशी विठ्ठल बोलतो म्हणतात तो नामदेवच कच्चा निघाला. आपण ही कथा नामदेवांच्या अहंकाराची म्हणून ऐकतो. मला तीत दुसरीच गोष्ट मोठी दिसते: तपासणारा बाहेरचा नव्हता, सगळ्यांत लाडका होता त्यालाही तपासणी चुकली नाही आणि नामदेव रुसले तरी मेळा मोडला नाही. भावकीत हिशोब मागता येत नाही, असे म्हणणाऱ्या परंपरेने ही कथा इतकी शतके जपली नसती.

सर्वांत गंभीर आक्षेप नीतीचा नाही, पोटाचा आहे. पाऊस दगा देतो, सोयाबीन हाती लागत नाही, बोअर आटते. अशा शेतकऱ्याला देण्याघेण्याचे चक्र शिकवायला जाणे हा क्रूरपणा आहे. आहेच. पण न देता येणे आणि न देणे यांतला फरक दूरच्या कचेरीला कळत नाही, म्हणून ती दोघांनाही एकाच थकबाकीत घालते. डीपीवरच्या सतरा जणांना तो नावानिशी ठाऊक असतो. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीकडे पाहा. जेवणखाण्यासाठी दिंडीत भिशी भरावी लागते. जो भरू शकत नाही त्यालाही पंगतीतून उठवत नाहीत. त्याचा वाटा बाकीचे उचलतात, आणि उचलला हे त्यांना माहीत असते. करुणेला हिशोबाचे वावडे नाही. उलट कुणाचे कुणी उचलले हे जिथे कुणालाच माहीत नसते, तिथे करुणा उरत नाही, सवय उरते. राज्य सरकारने एप्रिल २०२४पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षे मोफत वीज दिली. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. अनेक घरांना त्याचा खरा आधार झाला असेल आणि तो नाकारण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्याला नाही. फक्त एवढे की शून्य रुपयांच्या बिलाने डीपीची ताकद वाढत नाही. शंभर केव्हीए शंभरच राहते आणि शेपटाची मोटार पूर्वीसारखीच जळते. पैसा हा या देण्याघेण्याचा एक भाग होता. तो सरकारने उचलला. दाबाचा वाटा सरकारला उचलता येत नाही.

गावकऱ्यांच्या गळ्यात जबाबदारी घालून शासनाला मोकळे करायचा हा डाव तर नाही ना, अशी शंका डाव्या विचाराचे मित्र घेतील. रोहित्र वेळेवर बदलणे, उपकेंद्र उभारणे, दिवसा वीज देणे हे शासनाचेच काम आहे आणि कुठल्याही गटाने ते अंगावर घेऊ नये. डीपीखालचा कारभार मात्र शासनाने कितीही प्रामाणिकपणे करायचा म्हटले तरी त्याला जमणारा नाही, कारण अठरा बटणांपाशी अठरा वायरमन उभे करता येत नाहीत.

शासनाने काढलेले तोडगे पाहिले तर एक गंमत दिसते. उच्चदाब वितरण प्रणालीत एकदोघा शेतकऱ्यांना स्वतंत्र छोटे रोहित्र मिळते. सौर पंपात तर तारच नाही. आपले पॅनेल, आपली मोटार, आपला सूर्य. दोन्ही तोडगे तांत्रिकदृष्ट्या चांगले आहेत आणि दोन्हींनी प्रश्न सोडवला तो शेजारी वजा करून. मोक्ष एकट्याचा की सगळ्यांचा, हा आपल्याकडचा जुना वाद. सौर पंपाने तो शेताच्या बांधावर आणून ठेवला. कळंब, भूम, परंड्याच्या शिवारात आता निळी पॅनेले चकाकतात. सूर्य खरोखरच ज्योतीच्या कुळातला आहे, एकाने घेतला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. पण त्या पॅनेलखालची मोटार जे उपसते ते भूजल आहे आणि बालाघाटच्या त्या काळ्या खडकाखाली बांध घातलेले नाहीत. दिवसभर फुकट चालणारी मोटार शेजारच्या बोअरचेही पाणी ओढते. तार गेली, आकडा गेला, बिल गेले. शेपटाचा शेतकरी अजून तिथेच आहे, फक्त आता त्याचे शेपूट जमिनीखाली आहे आणि ते मोजायला डीपीसुद्धा उरलेली नाही.