फूटभर मातीचा कायदा

प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात शेतकऱ्याला एक सवलत आहे. संरक्षित क्षेत्रात बांधकाम, खाणकाम, खोदाई यांना बंदी असली, तरी फूटभरापेक्षा खोल न जाणारी शेती चालते. पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड असलेली जमीन घेणाऱ्यानं हा फूट नीट समजून घ्यावा. पेरणी, कोळपणी, खुरपणी त्यात बसते. ट्रॅक्टरचा पलटी नांगर मात्र सहज त्याखाली उतरतो. विहीर, शेततळं, पाइपलाइनचा चर यांना परवानगीच लागते. शिवाय २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, म्हणजे टेकाड शेजाऱ्याचं असलं तरी आपल्या रानात घर बांधण्याचा प्रश्न उभा राहतो.

एवढी बंधनं कशासाठी, याचं उत्तर घोड नदीकाठच्या इनामगावात मिळतं. डेक्कन कॉलेजनं १९६८पासून तिथं बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती निघाली: चुली, धान्याचं कोठार, पाण्यासाठी काढलेला पाट. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण आणि त्यांत लहान मुलाची हाडं. आईबापांनी मूल घरातच, पायाखाली पुरलं होतं. हे कळलं ते रांजण कोणत्या थरात, कोणत्या जमिनीखाली होते हे पाहता आलं म्हणून. नांगरानं वर आलेलं खापर यातलं जवळजवळ काहीच सांगू शकत नाही.

उलट, दायमाबादला १९७४ साली झाडाचं मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ अशी चार ओतीव शिल्पं निघाली. एकूण वजन ६० किलोंहून जास्त. ती थरांतून, उत्खननात मिळालेली नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. शिल्पं वाचली, त्यांचा पत्ता हरवला.

म्हणून बंधनं हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा भार एकट्या शेतकऱ्यानं का वाहायचा? सातबारावर संरक्षित क्षेत्राची नोंद असतेच असं नाही. विकणारा गप्प राहतो, खरेदीखत होतं, आयुष्याची पुंजी जाते आणि जेसीबी आणल्यावर नोटीस येते. नुकसानभरपाईची आणि जमीन संपादनाची तरतूद कायद्यात आहे, पण त्यासाठी कागद घेऊन हिंडायचं त्यानंच. अशा अनुभवानंतर रात्रीतून टेकाड सपाट करण्याचा मोह झाला, तर नवल काय? मग पुरावा जातो आणि गुन्हाही दाखल होतो.

इतर हक्कांच्या रकान्यात ही नोंद सक्तीची करावी आणि ती पाहिल्याशिवाय दुय्यम निबंधकानं दस्त नोंदवू नये. त्याहून महत्त्वाचं, जो शेतकरी ऊस सोडून त्या तुकड्यावर हरभरा-ज्वारी घेतो, त्याच्या उत्पन्नातली तूट सरकारनं दरवर्षी भरून द्यावी. आज जमीन घेऊ पाहणाऱ्यानं तोवर थांबू नये. गट नंबर आणि मोजणीचा नकाशा घेऊन केंद्र व राज्य, दोन्ही पुरातत्त्व कार्यालयांत अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत विसार देऊ नये.