त्याग कोणाच्या वाट्याचा?



पंढरीच्या मंदिर परिसराचा कायापालट करण्याची योजना गेली काही वर्षे गाजते आहे. तिचे नाव आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झाले आहे : 'कॉरिडॉर'. काशीचे विश्वनाथ धाम १३ डिसेंबर २०२१ रोजी खुले झाले, उज्जैनचे महाकाल लोक ११ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्याच धर्तीवर पंढरीतही मंदिराभोवतीची दाट वस्ती मोकळी करावी, रस्ते रुंद करावेत, भाविकांना ऐसपैस जागा द्यावी, असा हा विचार. २०२२ साली तो पुढे येताच पंढरपुरात बैठका झाल्या, मोर्चे निघाले, रागाच्या भरात कर्नाटकात जाण्याची भाषाही झाली. २०२५ मध्ये सरकारने विषय पुन्हा हाती घेतला आणि पुन्हा तीच घालमेल सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, हा वाद सरकारचा आणि पंढरपूरकरांचा. आपण टाळकरी माणसे, आपला यात संबंध काय? माउली, संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. या योजनेच्या बाजूने जो जो बोलला, त्याच्या तोंडी एक वाक्य हमखास होते : 'वारकऱ्यांच्या सोयीसाठी.' म्हणजे उद्या महाद्वाराजवळचे एखादे घर पाडले, तर ते तुमच्या-माझ्या नावाने पाडले जाणार आहे. ज्याच्या नावाने घर पडते, त्याला 'मला काय त्याचे' असे म्हणता येत नाही.

आपल्या वाघोलीकरांना हा प्रश्न समजायला फार लांब जावे लागत नाही. ३० जून २०२१ ला पुणे महापालिकेत जी २३ गावे गेली, त्यांत आपले गाव होते. नगर रस्त्याची कोंडी आपण रोज भोगतो. रस्ता रुंद व्हावा असे गावातल्या झाडून सगळ्यांना वाटते. फक्त रुंदीकरणाची खूण आपल्या भिंतीवर पडू नये, एवढीच प्रत्येकाची अट असते! आपल्याकडे ज्यांची शेते होती, त्यांना निदान सौद्याला बसता आले. पण दगडखाणींवर ज्यांनी आयुष्य काढले आणि ज्यांच्या हातच्या खडीवर या शहराच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या झोपडीचा सौदा कोणी केला? खाण बंद झाली की बिऱ्हाड उचलायचे. मालकाचे नुकसान कागदावर येते, बिऱ्हाडकरूचे येत नाही. पंढरीकडे पाहताना हे ध्यानात असू द्या.

वाघेश्वराच्या देवळात हरिपाठ झाल्यावर पंढरीचा विषय निघतो, तेव्हा दोन प्रकारची बोलणी कानावर येतात. एक जण म्हणतो, "देवासाठी चार घरे गेली तर काय बिघडले? पंढरपूरकरांनी एवढा त्याग करायला नको का?" दुसरा म्हणतो, "जुने तेच खरे. एक वीटही हलवू नका." दोघेही विठ्ठलाचेच नाव घेतात. म्हणून आधी विठ्ठलाकडेच जाऊ.

विठ्ठल पंढरीत आला तो पुंडलिकाच्या दारी. पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता. देव दारात आला म्हणून त्याने म्हाताऱ्यांना बाजूला सारले नाही. हाताशी होती ती वीट टाकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. घराचा दरवाजा रुंद करा, अंगणात गर्दी मावत नाही, असे तो म्हणाला नाही. दिली तेवढ्या विटेवर पाय जुळवून उभा राहिला. संसारी माणसाच्या घरातले कर्तव्य आधी, आपले दर्शन नंतर, हे त्याने मानले, म्हणून तर तो आपला देव. दर्शनाची घाई आपल्याला असते, देवाला नव्हती.

आता तुकोबारायांकडे या. दुष्काळानंतर त्यांना संसाराचा वीट आला आणि वडिलार्जित सावकारीची खते इंद्रायणीत बुडवायचे त्यांनी ठरवले, ही गोष्ट आपण शेकडो कीर्तनांत ऐकली आहे. पण तिच्यातला एक बारकावा पटकन निसटतो. तुकोबारायांनी सगळी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, माझ्यामागे बायकामुले आहेत. तेव्हा खतांच्या दोन वाटण्या झाल्या. कान्होबांचा वाटा कान्होबांच्या हाती दिला आणि तुकोबारायांनी फक्त आपला वाटा नदीत सोडला. 'धन विषासारखे आहे, तुझाही वाटा मी बुडवतो, त्यातच तुझे कल्याण आहे,' असे म्हणायला त्यांना कोण अडवणार होते? थोरल्या भावाचा अधिकार होता, वैराग्याचे बळ होते. तरीही ते धाकट्याच्या वाट्याला शिवले नाहीत.

या वादाची किल्ली मला इथे सापडते. त्याग हा स्वतःच्या वाट्याचा करायचा असतो. दुसऱ्याच्या वाट्यावर पाणी सोडणे याला त्याग म्हणत नाहीत, मग ते पाणी इंद्रायणीचे असो की चंद्रभागेचे. वाघोलीत बसून 'पंढरपूरकरांनी त्याग करावा' असे आपण म्हणतो, तेव्हा आपण कान्होबाची खते बुडवत असतो.

आणि तिथला कान्होबा कोण आहे, तेही पाहा. तो केवळ वाड्याचा मालक नाही. आपण ज्याच्याकडून बुक्का, तुळशीमाळ आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद घेतो तो दुकानदार आहे. त्या दुकानाचे भाडे भरणारा कुळवाला आहे. दिंडीला पिढ्यान्‌पिढ्या ओसरी देणारी, चूल मांडू देणारी माउली आहे. वर्षभराचा संसार ज्यांना चार वाऱ्यांच्या कमाईवर ओढायचा आहे, त्यांना गावाबाहेर कितीही चांगला गाळा दिला, तरी वारकऱ्याची पावले तिकडे वळली नाहीत तर त्या गाळ्याचे काय करायचे? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाची व्याख्या करताना केवळ मालक धरला नाही. तीन वर्षे तिथे भाडेकरू म्हणून राहिलेल्या, त्या जागेवर पोट भरणाऱ्या कुटुंबांनाही त्यात घेतले. कायद्याला जे सुचते, ते टाळ-वीणा घेतलेल्यांना सुचायला नको का?

पण थांबा. इथवर वाचून 'म्हणजे विरोध करणाऱ्यांचेच बरोबर' असे कोणी ठरवू नका. त्यागाचा हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

आपण पंढरीला माहेर म्हणतो. माहेरवाशीण आली म्हणून भावाचे घर पाडून अंगण मोठे करीत नाहीत, हे खरे. पण बहिणीला गोठ्यात झोपवून पलंगाचे भाडे मागणे, हेही भावाला शोभत नाही. आषाढीला लहानशा खोलीसाठी मोजावे लागणारे पैसे, रस्त्यावर पुढे सरकत आलेल्या दुकानांच्या फळ्या, चंद्रभागेत मिसळणारे सांडपाणी, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना विचारा. २०११ च्या जनगणनेत सुमारे एक लाख वस्तीचे हे गाव आषाढीला लाखोंचे होते. त्या चिंचोळ्या बोळात चेंगराचेंगरी झाली, तर रुग्णवाहिका शिरायची कुठून? रस्ता, नदीचा काठ, दर्शनाची वाट या गोष्टी कोणा एका घराच्या वाट्याच्या नाहीत. ज्याने त्या अडवल्या, त्यानेही दुसऱ्याच्याच वाट्याला हात घातला आहे.

आणि 'जुने तेच खरे' हेही तपासून घ्यावे लागते. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरीत तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले, ते विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. त्याआधी कित्येक महिने ते महाराष्ट्रभर लोकांची मने वळवीत हिंडले होते. तेव्हाही 'परंपरा मोडू नका' म्हणणारे कमी नव्हते. दहा दिवसांनी, १० मे रोजी, उपोषण सुटले आणि दारे उघडली. ज्या चोखोबांना आयुष्यभर आत पाऊल टाकता आले नाही, त्यांची समाधी महाद्वारातच आहे. तिच्यासमोरून त्यांच्या लेकरांना पहिल्यांदा आत जाता आले.

मग तो विरोध चुकीचा आणि आजचा बरोबर, हे कशावरून ओळखायचे? त्याच कसोटीवरून. गुरुजींनी मंदिर खुले करण्यासाठी कोणाचे घर मागितले नाही. स्वतःचा देह पणाला लावला. त्यांना विरोध करणारे मात्र जे आपले नव्हतेच ते अडवून बसले होते. विठ्ठल त्यांच्या वाट्याचा नव्हता. जो स्वतःचे सोडून मागतो, त्याचे म्हणणे आधी ऐकावे. जो दुसऱ्याचे धरून ठेवतो किंवा दुसऱ्याचे देऊन टाकतो, त्याला थोडे थांबवून विचारावे : बाबा, हे तुझे आहे का?

वाळवंटाचेच पाहा. वारीत नदीच्या पात्रात राहुट्या पडत, कीर्तने रंगत. आपल्याला ते दृश्य वैकुंठाहून गोड वाटे. पण आपण परतल्यावर तिथला मैला कोण उचलत होते? कायद्याने बंदी असूनही माणसे हाताने तो उचलत होती. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात त्याविरुद्ध जनहित याचिका झाली, न्यायालयाने आदेश दिले, वाळवंटातील मुक्कामावर बंधने आली, शौचालये वाढली, आणि ६५ एकरांच्या जागेत दिंड्यांच्या राहण्याची सोय झाली. तेव्हाही नाराजी होती. आज किती दिंड्या तिथे आनंदाने उतरतात! आपल्या भक्तीचा भार कोणाच्या तरी हातांवर पडत होता, तो थोडा हलका झाला. असा बदल धर्माला धरूनच आहे. त्यासाठी कोणाची चूल विझवावी लागली नाही, हेही विसरू नका.

काशीत सुमारे तीनशे मालमत्ता घेतल्या गेल्या. आज गंगेतून वर आले की सरळ विश्वनाथाचे दर्शन होते. म्हाताऱ्यांना, अपंगांना त्याने सुख झाले, हे नाकारता येणार नाही. पण तिथल्या गल्ल्या, शेजार, घराघरातले लहान देव, हे पुन्हा मांडता येत नाही, हेही तितकेच खरे. अहिल्यादेवींनी १७८० च्या सुमारास ते मंदिर पुन्हा उभारले, ते गल्ल्यांच्या त्या गावात. काशीचे काय चुकले, काय बरोबर आले, याचा निवाडा आपण करू नये. आपण एवढेच पाहावे, की पंढरीची रीत काशीहून निराळी आहे. लाखो वारकरी नामदेवांच्या पायरीला डोके टेकवतात, कळस पाहतात, हात जोडतात आणि गाभारा न पाहता गावी परततात. त्यांची वारी उणी राहते का? ज्या संप्रदायात कळसाचे दर्शन पुरते, त्याच्या 'सोयी'साठी किती भिंती पाडाव्या लागतील, हे सांगायचा अधिकार आपलाच आहे. आणि आपण तर गप्प आहोत.

म्हणून माउली, गप्प राहू नका. पण घोषणाही नकोत. आपल्या दिंडीच्या बैठकीत साधे प्रश्न विचारा. आपल्याला खरेच काय हवे? रांगेत सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय, बायाबापड्यांना कपडे बदलायला आडोसा, आणि अडचणीच्या वेळी बाहेर पडायला वाट. यातले किती घर न पाडता होईल? त्याउपर जागा लागलीच, तर ज्याची जागा जाते त्याला आधी विचारले का? भाडेकरूचे नाव यादीत आहे का? नवी जागा वारकऱ्याच्या वाटेवर आहे का? हे प्रश्न लिहून सरकारकडे पाठवा. ज्या घरी तुमची दिंडी उतरते, त्या घरच्यांनाही वाचून दाखवा. त्यांच्याकडून सांडपाण्याचा आणि पुढे आलेल्या फळीचा हिशोब प्रेमाने मागा.

आणि आपला वाटा? तो आपण सोडायचा. आषाढीच्याच दिवशी गाभाऱ्यात शिरलो पाहिजे, हा हट्ट सोडता येतो. ओळख काढून रांग चुकवणे सोडता येते. पत्रावळी आणि प्लॅस्टिक वाटेवर टाकणे सोडता येते. दहा लाख माणसांनी एवढे सोडले, तर पंढरीत केवढी जागा मोकळी होईल, हे कोणत्याही आराखड्यात मांडलेले नाही.

उद्या एखादा अधिकारी मंदिरासमोरच्या एखाद्या ओसरीत उभा राहून म्हणेल, "हे सगळे वारकऱ्यांसाठी आहे." त्या ओसरीवर तुमच्या आजीने भाकरी भाजलेली असेल. घरची बाई तुमच्याकडे पाहील आणि विचारील, "होय का हो माउली? तुम्हीच मागितले का हे?"

तिला काय उत्तर द्यायचे, ते या आषाढीला निघण्याआधी ठरवून ठेवा.

रामकृष्ण हरी.