नाण्यावरचा चेहरा

डोळे मिटा. श्वास आत येतोय. बाहेर जातोय. येऊ द्या. जाऊ द्या.

तळहातावर चांदीचं एक नाणं आहे, असं मनात आणा. अंगठ्याच्या नखाएवढं. त्याचा गारवा जाणवू द्या.

नाण्यावर एक चेहरा आहे. क्षत्रप नहपानाचा.

१९०६ साली नाशिकजवळ, गोदावरी-दारणेच्या संगमावर, जोगलटेंभीला अशी तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. राजा एकच. चेहरे मात्र एकसारखे नाहीत. कुठे तो तरुण आहे, कुठे उतारवयाचा.

थांबा. घाई नाही.

आता मनातल्या मनात मूठभर नाणी मांडा. एकावर नाक चांगलं बाकदार आहे. बाकीच्यांवर नाक ना लांब, ना आखूड. गाल ना भरलेले, ना बसलेले.

नाणी झाका. एक श्वास घ्या.

कोणता चेहरा मागे राहिला? बहुधा बाकदार नाकाचाच.

मानसशास्त्रज्ञ टिम व्हॅलेंटाइन यांनी १९९१ मध्ये याचं कारण मांडलं. पाहिलेला प्रत्येक चेहरा मनात आपली जागा धरतो. चारचौघांसारखे चेहरे मध्यभागी, दाटीवाटीनं. वेगळे चेहरे कडेला, ऐसपैस. नाशिकच्या दहीपुलाच्या गर्दीत एखादं दार हमखास चुकतं. मळ्यातलं एकटं घर लांबूनही ओळखू येतं.

म्हणून साधा चेहरा निसटतो. कधी तर न पाहिलेलाही पाहिल्यासारखा वाटतो.

यात त्या चेहऱ्याचं काही उणं नाही. तिथे दाटी आहे, एवढंच.

हे मनात मुरू द्या.

आता त्या दाटीतलं एक नाणं पुन्हा हातात घ्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं जोगलटेंभीच्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर आपला ठसा उमटवला. तुमच्या नाण्यावरही तो आहे. नाणं जरा तिरपं धरा.

ठशाच्या रेघांमधून गाल दिसतो. बघत राहा. मग ओठाचा कोपरा. मग भुवईखालची सावली.

आणखी एक श्वास. हा चेहरा आता दुसऱ्या कुणासारखा वाटतो का?

सावकाश डोळे उघडा.

वेगळा चेहरा आपणहून लक्षात राहतो. साध्या चेहऱ्यापाशी आपल्याला थांबावं लागतं. आज ज्या मावशींकडून भाजी घ्याल, त्यांच्यापाशी क्षणभर थांबा. पैसे देताना मान वर करून बघा. नाव विचारा.

उद्या त्या गर्दीत दिसल्या, तर ओळख द्या.